कूलर, इस्त्री आणि ओहमचा नियम : वाचकांचे प्रश्न

नागपुरात पारा चढायला लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रंग बदलतो. हिवाळाभर गिझर, होळी झाली की कूलर. यंदाच्या पत्रांत इस्त्री आहे, जुना बल्ब आहे, कळमेश्वरकडची बोअरवेल आहे, पण सगळ्यांच्या मुळाशी हिशेब एकच आहे. व्होल्टेज आणि करंट माहीत असले की रोध (करंटला होणारा अडथळा, तो ओहममध्ये मोजतात) किती आणि वॅट किती, एवढंच विचारलं आहे.

सूत्रं दोनच. रोध = व्होल्टेज ÷ करंट, हाच ओहमचा नियम. पॉवर = व्होल्टेज × करंट. आयटीआयमध्ये वायरमन ट्रेडच्या मुलांना शिकवताना माझ्या लक्षात आलं की सूत्र कुणालाच अडत नाही. अडतं ते आकडे घालताना. व्होल्टेज एकाचं घेतात, रोध दुसऱ्याचा घेतात आणि भागाकार बरोबर करून उत्तर चुकीचं काढतात. म्हणून माझ्या वर्गात नियम होता: भागायच्या आधी सांगायचं, हे व्होल्टेज कशाच्या दोन टोकांमधलं आहे, आणि हा रोध त्याच वस्तूचा, चालू अवस्थेतला आहे का? खालची उत्तरं वाचतानाही हा प्रश्न हाताशी ठेवा.

प्रश्न : मॅडम, माझी मुलगी नववीत आहे. शाळेत ओहमचा नियम झाला, तेव्हापासून ती घरातल्या प्रत्येक वस्तूवरची पट्टी वाचून राहिली आहे. इस्त्रीवर ७५० वॅट, २३० व्होल्ट लिहिलं आहे, रोध मात्र कुठंच नाही. तो काढता येतो का? दुसरं, आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज १९० वर येतं. तेव्हा इस्त्री करंट कमी घेते की जास्त? आमचा वायरमन म्हणतो जास्त घेते, मुलगी म्हणते कमी.
(एक पालक, मानेवाडा)

मुलगी बरोबर आहे. तिला शाबासकी द्या आणि पुढचा हिशेब तिच्याकडूनच करून घ्या.

आधी करंट काढू. ७५० ला २३० ने भागा, ३.२६ अँपिअर. आता रोध: २३० ला ३.२६ ने भागा, साधारण साडेसत्तर ओहम. एका दमात काढायचा असेल तर व्होल्टेजचा वर्ग करून वॅटने भागायचं: २३० × २३० = ५२,९००, भागिले ७५०, पुन्हा ७०.५. दोन्ही वाटांनी उत्तर एकच आलं पाहिजे. नाही आलं तर वाटेत काहीतरी चुकलं आहे, हे तिला सांगून ठेवा. परीक्षेतही उपयोगी पडेल.

आता संध्याकाळचं. इस्त्रीतली कॉइल बदललेली नाही, तिचा रोध जवळजवळ तोच आहे. म्हणून १९० ÷ ७०.५ = २.७ अँपिअर. करंट कमी झाला. पॉवर १९० × २.७, म्हणजे ५१२ वॅटच्या आसपास. इथे जरा थांबा. व्होल्टेज साधारण १७ टक्क्यांनी कमी झालं, पण उष्णता ३२ टक्क्यांनी घटली, जवळजवळ एक तृतीयांश. व्होल्टेज उतरलं की करंटही उतरतो, आणि पॉवर हा त्या दोघांचा गुणाकार आहे, म्हणून घट दोन्हीकडून बसते. संध्याकाळी सुती कुडत्यावरची घडी मोडत नाही ती यामुळे.

तुमच्या वायरमनलाही मी खोटं पाडणार नाही, कारण तो दिवसभर वेगळ्या वस्तू हाताळतो. इन्व्हर्टर एसी, कॉम्प्युटर, चांगल्या दर्जाचे एलईडी यांच्या आत असं सर्किट असतं की व्होल्टेज पडलं तरी ते आपली पॉवर सांभाळून ठेवतात. १५०० वॅटवर चालणारा इन्व्हर्टर एसी २३० व्होल्टला साडेसहा अँपिअर घेतो, १९० ला ७.९. पूर्ण लोडवर चालणारा पाण्याचा पंपही व्होल्टेज पडलं की बहुधा जास्तच करंट ओढतो. तो जे पाहतो ते खरं आहे, फक्त इस्त्रीला लागू नाही. इस्त्री, गिझर, शेगडी, पाण्यात टाकायचा रॉड, ज्यात नुसती तापणारी कॉइल आहे त्या सगळ्यांना मुलीचं उत्तर लागू.

प्रश्न : माझ्याकडे १०० वॅटचा जुना, तारेचा बल्ब आहे. सूत्रानं रोध ५२९ ओहम येतो. मल्टिमीटर लावला तर ४० दाखवतो. मीटर खराब आहे का?
(बीएस्सी प्रथम वर्षाचा विद्यार्थी, धरमपेठ)

मीटर ठीक आहे, सूत्रही ठीक आहे. तुम्ही थंड बल्ब मोजला आणि तापलेल्या बल्बचं गणित मांडलं.

बल्बमधली टंगस्टनची तार पेटलेली असताना अडीच हजार अंश सेल्सिअसच्या घरात असते, आणि धातू तापला की त्याचा रोध वाढतो. ४० चे ५२९ होतात ते बटण दाबल्यावर, डोळ्याची पापणी लवते न लवते तोवर. त्या पहिल्या क्षणी मात्र करंट २३० ÷ ४०, म्हणजे पावणेसहा अँपिअरपर्यंत उसळतो. नंतर तोच अर्ध्या अँपिअरच्याही खाली, ०.४३ वर येतो. जुने बल्ब बहुतेक वेळा लावतानाच का उडायचे, ते यातून कळेल. इस्त्रीच्या कॉइलचा मिश्रधातू मुद्दाम असा निवडलेला असतो की तापल्यावर त्याचा रोध फारसा बदलत नाही, म्हणून वरच्या उत्तरात मी तो तसाच धरला.

प्रश्न : मॅडम, मी सक्करदऱ्यात कूलर दुरुस्तीचं काम करतो. दहावीपर्यंत शिकलो. तुमचं सदर वाचून हिशेब करून पाहिला तर डोकं चक्रावलं. कूलरच्या मोटरचं वाइंडिंग मीटरनं मोजलं, ४८ ओहम. २३० भागिले ४८, म्हणजे ४.८ अँपिअर यायला पाहिजे. क्लॅम्प मीटर (तारेभोवती जबडा लावून करंट मोजणारा) दाखवून राहिला ०.८५. मग ०.८५ ला २३० ने गुणलं तर १९५ येतात, अन् मोटरच्या पट्टीवर लिहिलं आहे १५० वॅट. काहीच जुळत नाही. ओहमचा नियम मोटरला चालत नाही का?

भाऊ, दोन्ही वेळा मीटर लावून आकडे जुळतात का ते पाहिलंत, हेच मला फार मोलाचं वाटतं. अनेक जण पट्टी वाचतात आणि मोकळे होतात. तुमचे दोन्ही आकडे खरे आहेत आणि ओहमचा नियमही मोडलेला नाही.

मल्टिमीटर ओहम मोजतो ते आपल्या सेलमधून थोडा डीसी, म्हणजे एकाच दिशेनं वाहणारा, करंट सोडून. डीसीला वाइंडिंग म्हणजे नुसती तांब्याची लांब बारीक तार, तिचा रोध ४८ ओहम. पण बोर्डातून येतो तो एसी, सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे होणारा. लोखंडी पत्र्यांवर गुंडाळलेल्या तारेतून तो गेला की चुंबकत्वही तितक्याच वेळा चढतं-उतरतं, आणि ते बदलतं चुंबकत्व त्याच तारेत उलटं व्होल्टेज तयार करतं. बोर्डाचे २३० व्होल्ट बहुतांश या उलट्या व्होल्टेजशी झुंजण्यात जातात. तांब्याच्या ४८ ओहमच्या वाट्याला त्यातले थोडेच येतात. तुम्ही ४८ ने भागताना सगळे २३० तांब्याला देऊन टाकले, तिथे गणित फिरलं.

एसीला होणारा एकूण अडथळा काढायचा असेल तर चालू मोटरचेच आकडे घ्या: २३० ÷ ०.८५ = २७० ओहम. याला आमच्या ट्रेडमध्ये इम्पिडन्स म्हणतात. यात तांबंही आलं आणि चुंबकत्वही आलं.

आता १९५ आणि १५०. मोटरमध्ये व्होल्टेज आणि करंट एका पावलावर चालत नाहीत, करंट थोडा मागे राहतो. त्यामुळे सरळ गुणाकार केला की येतात ते वॅट नाहीत, त्याला व्होल्ट-अँपिअर म्हणायचं. त्यातलं खरं काम काढायला पॉवर फॅक्टरनं गुणावं लागतं. १५० ÷ १९५ = ०.७७. लहान मोटरला हा आकडा अगदी पटण्यासारखा आहे. घरच्या वीज मीटरवर १५० वॅटचंच बिल येतं.

मग ४८ ओहमचा उपयोग काय? खूप आहे. तारेत किती उष्णता निघते ते त्यावरून कळतं: करंटचा वर्ग गुणिले रोध. सगळा करंट मुख्य वाइंडिंगमधून जातो असं ढोबळ धरलं तर ०.८५ × ०.८५ × ४८, म्हणजे ३५ वॅटच्या आसपास. एवढी उष्णता पंख्याच्या हवेनं निघून जाते. आता बुशात धूळ बसून मोटर अडकली असं समजा. फिरणं थांबलं की उलटं व्होल्टेज पडतं आणि करंट चढतो. तो फक्त दुप्पट झाला, १.७ अँपिअर, तरी उष्णता चौपट, जवळजवळ १४० वॅट. आणि हवा तर बंद. त्यात तांबं तापलं की त्याचा स्वतःचा रोधही वाढतो, दर अंशाला साधारण ०.३९ टक्के. २५ अंशांवर ४८ ओहम असलेलं वाइंडिंग ८५ अंशांवर ५९ ओहमच्या घरात जातं. तुमच्याकडे मे महिन्यात जळक्या वार्निशच्या वासाच्या ज्या मोटरी येतात, त्यातल्या कित्येकांची गोष्ट हीच असते. मोटर नुसती गुणगुणत असेल आणि फिरत नसेल, तर गिऱ्हाइकाला फोनवरच सांगा की आधी बंद करा. मोटर सुरू करून देणारा कंडेन्सर गेला असेल तर तो स्वस्तात बदलतो, वाइंडिंग नाही.

एक कामाची युक्ती. अर्ध्या-एक अँपिअरचा करंट क्लॅम्प मीटरवर नीट वाचता येत नाही. फेजची (वीज आणणारी) एकच तार घेऊन ती मीटरच्या जबड्यातून दहा वेळा फिरवा आणि येईल त्या आकड्याला १० ने भागा. ०.८५ ऐवजी ८.५ दिसेल, आणि दशांशाची शंका मिटेल. फेज आणि न्यूट्रल (करंट परत नेणारी) दोन्ही तारा एकदम जबड्यात घेऊ नका, शून्य दिसेल, कारण जाणारा आणि परत येणारा करंट सारखाच असतो आणि ते एकमेकांना खोडतात. ते शून्य का दिसतं ते लक्षात ठेवा, शेवटच्या उत्तरात त्याचंच काम आहे.

प्रश्न : कळमेश्वरजवळ आमचं वावर आहे, थोडी संत्र्याची झाडं आहेत. मीटरपासून बोअर २०० मीटरवर. एक हॉर्सपॉवरची सिंगल फेज मोटर बसवली. ४ चौरस मिलिमीटरची अॅल्युमिनियम केबल टाकली. मीटरजवळ २३० व्होल्ट दिसतात, पण मोटर कधी चालते, कधी नुसतीच हुंकारते. दुकानदार म्हणतो मोटर बदला. काऊन असं होऊन राहिलं असेल?
(एक शेतकरी)

मोटर बदलू नका. आधी बोअरपाशी जाऊन, मोटर सुरू करताना तिथलं व्होल्टेज मोजा. मीटरजवळचे २३० मोटरचे नाहीत, ते मोटर आणि केबल दोघांचे मिळून आहेत.

४ चौरस मिलिमीटर अॅल्युमिनियमचा रोध किलोमीटरला साधारण ७.४ ओहम असतो. करंट जातो आणि परत येतो, म्हणून तार २०० नाही, ४०० मीटर धरायची. ७.४ × ०.४ म्हणजे जवळजवळ ३ ओहम. आकडा किरकोळ वाटतो, पण पुढे बघा.

मोटर चालू असताना ७ अँपिअर घेते असं धरू. केबलमध्ये ७ × ३ = २१ व्होल्ट पडले, मोटरला २०९ मिळाले. चालते. केबलमध्ये ७ × ७ × ३ = १४७ वॅट नुसते जमिनीत उष्णता होऊन चालले आहेत, आणि त्याचं बिल तुम्ही भरता.

खरी अडचण सुरू होताना येते. थांबलेल्या मोटरचा अडथळा फार कमी असतो. पूर्ण २३० व्होल्ट मिळाले असते तर तिनं ३३ अँपिअर ओढले असते असं समजा, म्हणजे तिचा त्या क्षणीचा अडथळा २३० ÷ ३३ = ७ ओहम. त्यात केबलचे ३ मिळवा, १०. करंट आला २३ अँपिअर. त्यातले २३ × ३ = ६९ व्होल्ट केबलनं खाल्ले, मोटरच्या हाती १६१ उरले. (इथे मी मोटरमधला करंट मागे राहतो तो फरक सोडून दिला आहे, म्हणून आकडे ढोबळ आहेत. दिशा बरोबर आहे.) मोटरचा सुरुवातीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलतो. १६१ भागिले २३० हे ०.७, त्याचा वर्ग ०.४९. मोटरला निम्म्या ताकदीनं पाण्याचा स्तंभ उचलायला सांगितलं आहे. गावात व्होल्टेज बरं असेल त्या दिवशी उचलते, नसेल त्या दिवशी हुंकारते.

तीच केबल १० चौरस मिलिमीटरची केली तर रोध किलोमीटरला ३.०८, आपल्या ४०० मीटरला १.२ ओहम. सुरुवातीचा करंट २३० ÷ ८.२ = २८, मोटरला मिळाले १९६ व्होल्ट, जोर पाऊण पटीच्या जवळ. चालू असताना पडतात फक्त साडेआठ व्होल्ट. नवी मोटर घेऊन त्याच केबलवर लावली असती तर तीही हुंकारलीच असती. केबल बदलण्याआधी वाटेतले जॉइंट मात्र उघडून पहा. अॅल्युमिनियमची नुसती पिळून जोडलेली तार काळी पडते, आणि तसा एकच जॉइंट ओहमभर रोध वाढवू शकतो.

प्रश्न : ज्याच्या नावानं हा नियम आहे तो ओहम कोण होता? त्यानं हे शोधलं कसं?
(निवृत्त ग्रंथपाल, महाल)

गेऑर्ग सिमोन ओहम, जन्म १७८९, जर्मनीतल्या एर्लांगेनचा. कोलोनच्या शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवणारा शिक्षक. मला तो जवळचा वाटतो तो यासाठीच.

त्याच्यापुढची अडचण कळमेश्वरच्या भाऊंसारखीच होती. त्या काळची रासायनिक बॅटरी करंट द्यायला लागली की तिचं व्होल्टेज ढासळायचं, मग दोन मोजमापं एकमेकांशी ताडून पाहणार कशी? त्यानं बॅटरी सोडून दिली. तांबं आणि बिस्मथ या दोन धातूंचा जोड घेतला, एक टोक उकळत्या पाण्यात आणि दुसरं बर्फात ठेवलं. तापमानाचा फरक स्थिर, म्हणून व्होल्टेजही स्थिर. मग वेगवेगळ्या लांबीच्या तारा जोडून करंट मोजला. १८२६ मध्ये त्यानं हे निष्कर्ष छापले, पुढच्या वर्षी पुस्तक काढलं. त्याच्या समीकरणात छेदात दोन गोष्टी होत्या, जोडलेल्या तारेची लांबी आणि उरलेल्या सर्किटचा एक ठरावीक आकडा. उरलेलं सर्किट त्यानं पहिल्या दिवसापासून हिशेबात धरलं होतं. आपण शाळेत ते गाळून टाकतो. जर्मनीत त्याचं फारसं कौतुक झालं नाही, लंडनच्या रॉयल सोसायटीनं १८४१ मध्ये त्याला कोप्ली पदक दिलं.

प्रश्न : २०० वॅटचा कूलर रोज १५ तास चालतो. महिन्याला किती युनिट?
(हिंगणा)

२०० × १५ = ३००० वॅट-तास. १००० वॅट-तासांचं एक युनिट, म्हणून दिवसाला ३, तीस दिवसांना ९०.

प्रश्न : मॅडम, आमचा लोखंडी कूलर आहे, वाळ्याच्या ताट्यांचा. पाणी भरताना हाताला झिणझिण्या येत. वायरमनला बोलावलं. त्यानं थ्री-पिन काढून टू-पिन लावून दिली आणि म्हणाला, उलटी लावा, शॉक येणार नाही. खरंच येत नाही. पण घरात दोन लहान लेकरं आहेत, मनात धाकधूक राहते. हे बरोबर आहे का?
(एक गृहिणी, हनुमाननगर)

ताई, नाही. हे वाचून होताच कूलर बंद करा, पिन काढून ठेवा, आणि पुढचं वाचा. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकनं माणसं जातात, त्यात पाणी भरणाऱ्या बायका असतात, खेळणारी मुलं असतात. प्रत्येक वेळी मला वाटतं की एक साधा भागाकार त्या घरापर्यंत पोचायला हवा होता.

झिणझिण्या आणि मृत्यू यांच्यात फरक व्होल्टेजचा असतोच असं नाही, बहुतेकदा रोधाचा असतो. कूलरच्या बॉडीवर २३० व्होल्ट आले आहेत असं धरा. हात कोरडे, पायात रबरी चप्पल, तर शरीर आणि चप्पल मिळून रोध ५०,००० ओहम असू शकतो. २३० ÷ ५०,००० म्हणजे साधारण ५ मिलीअँपिअर. झटका जाणवतो, हात मागे घेता येतो. आता तोच कूलर, तेच व्होल्टेज, पण हात ओले, पाय अनवाणी, फरशीवर सांडलेलं पाणी. ओल्या शरीराचा रोध १,००० ओहमपर्यंत उतरतो. करंट २३० मिलीअँपिअर. दहाच्या आसपासच स्नायू आवळले जाऊन हात सुटेनासा होतो, आणि २३० मध्ये हृदयाची लय बिघडायला क्षण पुरतो. काल नुसत्या झिणझिण्या आल्या म्हणून आज येतील तेवढ्याच येतील, हे गृहीत धरू नका.

पिन उलटी केल्यानं काय झालं? गळती तिथंच आहे. ती जिथं आहे त्या टोकाला आधी फेज येत होती, आता न्यूट्रल आली, म्हणून बॉडीवर व्होल्टेज कमी दिसतं. कधी खांबावर किंवा बोर्डात न्यूट्रल सुटली की त्याच ठिकाणी पुन्हा पूर्ण फेज येते. शिवाय कूलरवरचं बटण आता न्यूट्रल तोडतं, म्हणजे बटण बंद केलं तरी आतली मोटर फेजला जोडलेलीच राहते. आणि थ्री-पिनची ती जाडी, लांब पिन, अर्थिंगची, ती तर गेलीच.

गळती कुठे आहे ते बघायला पिन काढून, कूलरचा मागचा जाळीचा दरवाजा उघडून पंपाची वायर बोटानं तपासत खालपर्यंत जा. बहुतेकदा टाकीच्या काठाशी, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, काळ्या टेपनं गुंडाळलेला जोड सापडतो. उन्हानं टेपचा चीक वितळलेला असतो, टेप सैल होऊन सरकलेली असते, आतलं तांबं हिरवट पडलेलं असतं. ताटीवरून ओघळणारं पाणी थेट त्यावर पडतं आणि तिथून पत्र्यावर येतं. पंपाची वायर अख्खी हवी. टाकीच्या आत जोड नकोच.

आता अर्थिंग. लोक म्हणतात, अर्थिंग आहे, एमसीबी (करंट फार वाढला की आपोआप पडणारा स्विच) आहे, काळजी नाही. हिशेब करून पाहू. अंगणात रॉड ठोकून केलेल्या अर्थिंगचा रोध २५ ओहम धरा. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, रॉडभोवती फट पडते, म्हणून मे महिन्यात तो याहून जास्तही होतो. ट्रान्सफॉर्मरकडचा अर्थिंग २ ओहम. एकूण २७. फेज बॉडीला पूर्ण टेकली तरी करंट २३० ÷ २७ = साडेआठ अँपिअर. १६ अँपिअरच्या एमसीबीला हे एखाद्या गिझरसारखं वाटतं, तो उडत नाही. नेहमीचा सी प्रकारचा १६ अँपिअरचा एमसीबी तत्काळ उडायला ८० अँपिअर तरी लागतात. आणि त्याच वेळी कूलरच्या बॉडीवर २५ × ८.५, म्हणजे २१२ व्होल्ट उभे असतात. नुसत्या रॉडच्या अर्थिंगवर विसंबू नका, ते या आकड्यामुळे.

यावर उपाय आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, ३० मिलीअँपिअरचा. तो फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट ताडून पाहतो. सक्करदऱ्याच्या भाऊंना सांगितलेलं शून्य आठवा. दोन्ही सारखे असतील तर फरक शून्य. काही करंट बॉडीतून किंवा माणसातून जमिनीत गेला की फरक पडतो, आणि तो ३० मिलीअँपिअरला पोचला की ०.३ सेकंदाच्या आत वीज तुटते. फरक मोठा असेल तर त्याहून लवकर. याच्या जोडीला अर्थिंग लागतंच, पण इथे अर्थिंगकडून अपेक्षा फार माफक आहे. माती सुकून रोध १०० ओहम झाला तरी २.३ अँपिअर गळतील, आणि आरसीसीबीला ०.०३ पुरतात. म्हणजे कुणी हात लावण्याआधीच तो उडलेला असेल.

वायरमनला बोलवाल तेव्हा त्याच्याकडून एवढं करून घ्या: पंपाची वायर नवी, थ्री-पिन परत, सॉकेटच्या अर्थपासून कूलरच्या पत्र्यापर्यंत अखंड तार आणि ती रंग खरवडून स्क्रूनं आवळलेली, मुख्य बोर्डात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी. अर्थिंगच्या रॉडपाशी उन्हाळाभर एक बादली पाणी घालत जा. पाणी भरताना आणि टाकी धुताना पिन काढूनच, आरसीसीबी असला तरी. कारण एक हात फेजला आणि दुसरा न्यूट्रलला लागला तर करंट जमिनीत जात नाही, फरक पडत नाही, आणि तो उडत नाही.

आरसीसीबीवर टी लिहिलेलं एक छोटं बटण असतं. महिन्यातून एकदा, वीज चालू असताना, ते दाबून पहा. दाबताच घरातली वीज गेली पाहिजे. गेली नाही तर तो त्याच दिवशी बदलून घ्या, आणि नवा बसेपर्यंत कूलर लावू नका.